माझ्या कप्प्यात खेळ नव्हते

माझा सख्खा मोठा भाऊ विष्णू याने मला फसवलं आणि फसवणुकीचं बटण माझ्याच बोटाने दाबून घेतलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण आमच्या धाड गावात गेली वीस वर्षं ही गोष्ट उलटी सांगितली जाते. मंगलने आपल्या हाताने कॉम्प्युटरचं मशीन पुसलं आणि मग भावाच्या नावाने खडे फोडले, असं सांगतात. सांगणारे त्या दिवशी आमच्या घरी नव्हते. मी होते. माझे बाबा होते, माय होती, विष्णूदादा होता आणि मशीनच्या कामासाठी बुलढाण्याहून आलेला गजू होता. पाचांपैकी दोघांना ठाऊक होतं काय होणार आहे, आणि मी त्या दोघांत नव्हते.

आमचं घर बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढची खोली रस्त्याला उघडायची. समोर पिठाची गिरणी. तिचा पट्टा सुरू झाला की आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायचं आणि लाईट आल्याची वर्दी आम्हाला बल्बाच्या आधी गिरणी द्यायची. तेव्हा लाईट पाहुण्यासारखी यायची, येण्याची वेळ नाही आणि जाताना सांगणं नाही. म्हणून दळणं आणि माझं टायपिंग एकाच घाईत चालायचं. तिकडे गिरणीची घरघर, इकडे माझ्या प्रिंटरची करकर, मधून जीपवाल्यांच्या हाका, आणि आतून मायचं ओरडणं की भाकर थंडी होऊन राह्यली. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर लसणाचा ठेचा आणि कच्चं तेल. मी एका हाताने भाकर मोडायचे आणि दुसऱ्या हाताने की-बोर्ड दाबायचे. माय म्हणायची, "त्या डबड्याले तेलकट बोटं लागून राह्यले. एक दिवस ते तुह्यावर उलटंन." त्या डबड्यासाठी आपल्या जुन्या लुगड्याचं झाकण तिनेच शिवलं होतं, काठासकट.

ते मशीन मी आणि दादाने मिळून घेतलं होतं, बुलढाण्यातल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून. सौदा मी केला. दादा बाहेर सिगारेट ओढत उभा होता, त्याला घासाघीस करायची लाज वाटायची. मी दुपारभर त्या क्लासवाल्यापुढे बसले. दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले, दोनदा त्याने परत बोलावलं. शेवटी मशीन, प्रिंटर, लाईट गेल्यावर टॅं टॅं करणारा यूपीएस आणि तो क्लासवाला ज्या खुर्चीवर बसला होता ती खुर्चीही घेऊन मी जीपमध्ये चढले. तो म्हणाला, "ताई, आता मले बी घिऊन जा." मी म्हटलं, "तुमचं काय करू? तुमच्यात वायर नाई." आजही मोताळ्यातल्या माझ्या टायपिंगच्या दुकानात ती खुर्ची आहे. मी तिच्यावर गिऱ्हाइकाला बसू देत नाही.

बाबांची जमीन थोडी, पण मान मोठा. भावाभावांत वाटणी निघाली की बाबांना बोलावणं यायचं. कोणता बांध कुठून न्यायचा, विहिरीची वाट कोणी सोडायची, हे ते शेतातून अनवाणी चालून ठरवत. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी कोणासाठी मोडला नाही: मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. मग मोठा वाटे सारखेच पाडतो, कारण उरलेला त्याच्याच वाट्याला येणार असतो. मशीन घरी आलं तेव्हा त्याच्या हार्ड डिस्कलाही हाच नियम लागला. दादाने तिचे तीन कप्पे करवून घेतले. पहिला मशीनचा स्वतःचा, त्यात कोणी काही ठेवायचं नाही. उरलेले दोन अगदी सारखे. बाबा खुर्चीमागे उभे राहून म्हणाले, "मंगे, तू धाकटी. उचल." मी तिसरा उचलला. बाबांनी विचारलं, "मधात बांध हाये ना?" दादा म्हणाला, "हाये, बाबा. पक्का हाये." बाबांच्या डोळ्यांपुढे ते शेतच होतं. खरं सांगायचं तर माझ्याही.

दादा त्याच्या कप्प्यात गाणी आणि लग्नाचे फोटो ठेवायचा, तो एका व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या हाताखाली होता. माझ्या कप्प्यात वंशावळी होत्या. वारस लावायचा असो की दाखला काढायचा असो, वंशावळ लागतेच, आणि ती टाईप करायला बाजाराच्या दिवशी माझ्या ओट्यावर माणसं बसायची. पणजोबा, आजोबा, त्यांचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. सांगणारा थांबला की मी विचारायचे, "आणि लेकी?" तो म्हणायचा, "लेकी काऊन टाकतं? त्या गेल्या त्यायच्या घरी." मी म्हणायचे, "सांगायच्या नसतील तं दुसरीकडून टाईप करून घ्या." धाडमध्ये दुसरीकडे कोणी नव्हतं, हे त्यालाही ठाऊक असायचं. मग तो चडफडत नावं सांगायचा. कागदावर त्याला हवी तेवढीच नावं जात, तो त्याचा कागद. पण माझ्या कप्प्यात पूर्ण वंशावळ राहायची, लेकींसकट. हे मी का करत होते, कोणी विचारू नका. पुण्य म्हणून करत नव्हते. मला एवढंच दिसत होतं की गावातल्या अर्ध्या माणसांचा हिशोबच कोणाकडे नाही, आणि जी वस्तू कोणाकडेच नसते तिला एक दिवस भाव येतो.

त्यात अवघड काय होतं, तर लग्नात नाव बदलायची रीत. माहेरची द्रुपदा सासरी गेली की लक्ष्मी. माहेरची यमुना कुठे तरी पार्वती होऊन बसलेली. माहेरच्या कागदात यमुना, सासरच्या कागदात पार्वती, आणि या दोघी एकच बाई हे कुठल्याच कागदात नाही. ते फक्त म्हाताऱ्या बायकांच्या डोक्यात. माझ्या कप्प्यात मात्र शेजारी शेजारी लिहिलेलं असायचं: माहेरचं नाव, सासरचं नाव, दिलेलं गाव.

कौसल्याबाई याच कामासाठी आल्या. त्यांच्या आजोळच्या शेतात त्यांच्या आईचा हक्क निघत होता. त्यांची आई आणि तिच्या चार बहिणी अशा पाच लेकी, पण मामेभावांनी वारसांत एकीचंही नाव लावलं नव्हतं. आई वारलेली. चार मावश्यांपैकी कौसल्याबाईंना एकच माहीत. बाकीच्या कोणत्या गावी दिल्या, तिथे त्यांची नावं काय पडली, हे सांगणारी आजोळात एकच उरली होती, त्यांची चुलत आजी सखुबाई. तिला जीपमध्ये बसवून आणलं. दोन बाजार ती माझ्या ओट्यावर बसली, तंबाखू मळत, डोळे मिटून. "थोरलीले देल्लं पिंपळगाव राजाले. तठी तिचं नाव पडलं रुक्मिणी. माहेरची ते कोंडी." मी कागदावर उतरवून घेत बसले नाही. कागदावरून टाईप करणं मला कमीपणाचं वाटायचं. ती बोलत गेली आणि मी थेट मशीनमध्ये घालत गेले. पाची लेकी, त्यांच्या सासरची नावं, पोरंबाळं, सगळं. सखुबाई उठताना म्हणाली, "आता म्या मेली तरी चालते. याच्यात हाये ना सारं?" मी म्हटलं, "हाये, आजी."

आता एक गोष्ट लिहिते, ती लिहायला मला आवडत नाही. कौसल्याबाईंनी त्याच दिवशी कागद मागितला. दोन पायल्या मूग ठरले होते. त्या एकच घेऊन आल्या. "मंगल, एकच घे ना वं. यंदा शेंगेत दाणाच नाई भरला." मी म्हटलं, "दोन म्हन्जे दोन. पुढच्या बाजाराले दुसरी आना अन् कागद घिऊन जा." त्या हसल्या, "लय करडी हायेस." आणि गेल्या. पुढच्या बाजाराला त्या आल्या नाहीत, कारण त्या आठवड्यात सखुबाई वारली.

इकडे मशीन म्हातारं झालं होतं. त्यात अठ्ठ्याण्णवची विंडोज सिस्टीम होती. काम चालू असताना मध्येच पडदा निळा पडायचा आणि पांढऱ्या अक्षरांत काहीतरी कुरकुरायचा. दादाने स्वतःचं काम काढायचं ठरवलं होतं, लग्नाच्या कॅसेटींचं मिक्सिंग. त्याला नवी सिस्टीम हवी होती आणि जागा हवी होती, भरपूर जागा. व्हिडिओ म्हणजे म्हैस, किती टाका, खातेच. एक दिवस जेवताना तो म्हणाला, "गजूले बलावतो. जुनी सिस्टीम काढून नवी टाकू. बांध थोडे सरकवा लागतीन." मी हातातली भाकर खाली ठेवली. "माह्या कप्प्याले धक्का?" "बांध सरकला म्हन्जे पीक मरते का?" तो बाबांकडे पाहून म्हणाला. बाबांनी मान हलवली. "माती तं तठीच राह्यते." शेताचं ज्याला सगळं कळतं असा माणूस मान हलवतो आहे म्हटल्यावर मी ठेवलेली भाकर परत उचलली. बाजारात सुईच्या भावासाठीही भांडणारी मी, त्या दिवशी एक प्रश्न जास्त विचारला नाही. दादाला हे पक्कं ठाऊक होतं की खरं सांगितलं तर मी सौद्याला बसेन. जागा मागितली असती तर मी दिलीही असती, पण आधी माझं सगळं बाहेर काढून घेतलं असतं आणि वर बदल्यात त्याच्याकडून काहीतरी उकळलं असतं. माझ्याशी सौदा करायचा कंटाळा आला म्हणून त्याने माझा केसाने गळा कापला.

गजू सकाळच्या एसटीने आला. बारीक, दाढी न फुटलेला, खांद्याला बॅग, बॅगेत सीडींचं पाकीट आणि फडक्यात गुंडाळलेली दुसरी एक हार्ड डिस्क. मायने त्याच्यासाठी बेसनाच्या पातोड्यांची भाजी केली होती, घरभर मसाल्याचा वास. बाबांनी आंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलं होतं, कारण नवं काम म्हणजे नारळ आलाच. गजूने मशीनचं पोट उघडलं, स्वतःजवळची डिस्क वायरीला लावली आणि दादाला काही विचारू लागला. तेवढ्यात दादा मला म्हणाला, "मंगे, चहा ठेव ना गजूले." मी चहा ठेवायला गेले. दूध उतू जाईपर्यंत जेवढा वेळ लागतो, तेवढाच मी त्या खोलीत नव्हते. परत आले तेव्हा दोघं पडद्याकडे पाहत होते आणि मशीन गुरगुरत होतं.

मग गजूने सीडी घातली. निळा पडदा आला, त्यावर कप्प्यांची यादी. बाबांनी मशीनच्या डोक्यावर कुंकू लावलं, नारळ उंबऱ्यावर फोडला, पाणी शिंपडलं. गजू घाबरून म्हणाला, "बाबा, पानी वायरीपासून दूर." आणि दादा म्हणाला, "पह्यलं बटन मंगीच्या हातून होऊ द्या. घरची लक्ष्मी हाये." बाबांचा चेहरा फुलला. माय दारात पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. मी खुर्चीवर बसले. गजू माझ्याकडे न पाहता म्हणाला, "ताई, भाऊ सांगतीन तसं दाबा."

"डी," दादा म्हणाला. मी डी दाबला.

"आता एल." मी एल दाबला.

पडद्यावर इंग्रजी मजकूर होता. बारावीपर्यंत शिकलेली मी, वाचता आलं असतं. पण टायपिस्टची बोटं अर्थासाठी थांबत नाहीत. पाच वर्षं लोक सांगत आले आणि मी दाबत आले, माणूस मेल्याचा दाखला असो की लग्नाची पत्रिका. सांगितलेलं अक्षर दाबणं हाच माझा धंदा होता. डी, एल. परत डी, एल. तिसऱ्यांदा डी, एल. डी म्हणजे कप्पा उडव आणि एल म्हणजे हो, नक्की उडव, आणि कप्पे तीन, हे मला नंतर कळलं. तिसऱ्या वेळी दादाचा आवाज किंचित हलला होता, असं मला आता वाटतं. तेव्हा वाटलं नव्हतं, म्हणून ते पुरावा म्हणून लिहीत नाही. मायने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली. मी ती खाल्ली.

दुपारी नवी सिस्टीम उघडली. हिरवं माळरान, वर निळं आभाळ. बाबा कौतुकाने म्हणाले, "आपल्याच शिवारावानी हाये." मी माझा कप्पा शोधला. कप्पे दोनच होते. पहिला मशीनचा. दुसरा भला मोठा, आणि त्यात दादाची गाणी, दादाचे फोटो, जसेच्या तसे.

"माहा कुठी गेला?"

"नव्यात दोनच कप्पे राह्यतात," दादा म्हणाला. "तुहा याच्यातच असंन. पाह्य बरोबर."

मी पाहिलं. संध्याकाळपर्यंत पाहिलं. गजू तोवर एसटीने निघून गेला होता. त्याच संध्याकाळी दादाने त्या मोठ्या कप्प्यात कोणाच्या तरी लग्नाची चार तासांची कॅसेट चढवली, आणि सखुबाईने सांगितलेल्या नावांवरून ती वरात बॅंड लावून नाचत गेली. नंतर मी ती डिस्क पदरात गुंडाळून बुलढाण्याला एका दुकानदाराकडे नेली. तो म्हणाला, "नुसतं पुसलं असतं तं काही निघालं असतं, ताई. याच्यावर तं दुसरं पीक घेतलंय." घरी येऊन मी भांडले. गिरणीवाल्याने पट्टा बंद केला, इतकं भांडले. दादा एकच वाक्य बोलला आणि तेच गावभर झालं: "तूच तं दाबलं."

त्यानंतरच्या बाजाराला कौसल्याबाई आल्या. सुतकातून उठलेल्या, चेहरा उतरलेला. त्यांनी ओट्यावर पिशवी ठेवली आणि तोंड सोडलं. दोन पायल्या मूग, निवडलेले, एक खडा नाही. म्हणाल्या, "घे वं माय तुहे मूग. शेजारनीकून उसने आनले. आता दे कागद." मी त्यांना सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. मी भांडणाची तयारी करून बसले होते, भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "कोंडीचं नाव सासरी काय पडलं होतं? तेवढं तरी सांग." मला ते एकच आठवत होतं, ते सांगितलं. बाकीच्यांचं काही नाही. टाईप केलेलं डोक्यात राहत नाही, बोटांतून निघून जातं. त्यांनी पिशवी उचलली आणि मूग परत नेले. ते शेत मामेभावांकडेच राहिलं.

गजू मला सात-आठ वर्षांनी मोताळ्याच्या बसस्टॅंडवर भेटला. माझं दुकान तेव्हा नवीन होतं. त्याला मी बाकावर बसवलं आणि सरळ विचारलं. तो म्हणाला, "ताई, म्या तं भाऊले सांगलं होतं. सारे कप्पे उडतीन म्हन्लं, आधी काय काढाचं ते सांगा. माह्या डिस्कमंदी दोघायचंही मावत होतं." मी विचारलं, "मग?" तो चपलेने माती उकरत बसला. "भाऊ म्हन्ले, माह्यंच घे. तिच्यात निरे खेळ हायेत."

निरे, म्हणजे नुसते खेळ. जागा कमी होती म्हणून नाही, वेळ नव्हता म्हणून नाही. दोन्ही कप्पे वाचत होते. दादाला दोन मिनिटं जास्त थांबायचं नव्हतं आणि मला विचारायचं नव्हतं, एवढ्यासाठी त्याने माझं पाच वर्षांचं काम पत्त्यांच्या डावाच्या किमतीला काढलं. बाबांना हे मी सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीने तो शुभ मुहूर्त होता, लेकीच्या हातून झालेला. ते तसंच समजून गेले. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे बांध न्यायाने घातले, त्यांच्या घरात वाटे पाडणाऱ्यानेच आधी उचलला, हे त्यांच्या कानावर घालायची माझी हिंमत झाली नाही. एवढी एकच गोष्ट मी कोणाला फुकट दिली असेल.

बाबा गेल्यावर, मागच्या वर्षी, दादा मोताळ्याला आला. केस पांढरे झालेत, गुडघा दुखतो. त्याने माझ्या टेबलावर एक तयार कागद ठेवला. हक्कसोड. बाबांच्या शेतावरचा माझा हक्क मी राजीखुशीने सोडते, असा. पेनाचं टोपण त्यानेच काढलं आणि बोटाने जागा दाखवली. "इथं कर सही. बाकी म्या पाह्यतो." मी तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला, मोठ्याने, दुकानातल्या गिऱ्हाइकांसमोर. मग विचारलं, "गजूने तुले काय सांगलं होतं?" तो म्हणाला, "अजून तेच धरून बसली? तूच तं दाबलं होतं." मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि कुलूप लावलं. तो कागद अजून तिथेच आहे.

दादा, तू हे वाचशील हे मला माहीत आहे, नाही वाचलंस तर कोणीतरी वाचून दाखवेल. माझा सौदा ऐक, यात घासाघीस नाही. शेत ने. सगळं ने, विहिरीसकट. सही मी देते. बदल्यात तू कौसल्याबाईंच्या दारात जायचं, मी सोबत येते, दोन पायल्या मूग मी घेऊन येते, कारण त्या दिवशी एका पायलीसाठी कागद अडवला त्याचा जाब मलाही द्यायचा आहे. त्या आता म्हाताऱ्या झाल्यात पण कान शाबूत आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून तुझ्या तोंडाने सांग: डिस्कमध्ये दोघांचंही मावत होतं की नव्हतं? तुला आधी सांगितलं होतं की नव्हतं? आणि त्या कप्प्यात निरे खेळ आहेत, हे कोण म्हणालं होतं?

बटण मी दाबलं. ते मी कधीच नाकारलं नाही. दाबायला कोणी सांगितलं, ते आता तू बोल.